मुक्कामाच्या पाहुण्याची जागा

बीड शहरात, गेवराई-माजलगावला अथवा अंबाजोगाईच्या नव्या वसाहतींत आज जी घरे उभी राहत आहेत, त्यांच्या नकाशांत एका खोलीवर हमखास ‘गेस्ट रूम’ असे लिहिलेले आढळते. दहा बाय दहाची किंवा दहा बाय बाराची ही खोली बांधण्यावर मालक खर्च करतो, तिला चकचकीत फरशी बसवितो, खिडकीला जाळी लावतो. आणि वास्तुशांतीला वर्ष होत नाही तोच त्या खोलीत धान्याच्या कोठ्या, लग्नात आलेल्या आणि अद्याप न उघडलेल्या भेटवस्तू, उन्हाळ्यापर्यंत झाकून ठेवलेला कूलर व मुलांची जुनी पुस्तके यांची वस्ती होते. पाहुणा आलाच तर त्याची गादी बैठकीत टीव्हीसमोर पडते आणि घरातील मंडळी केव्हा उठतील याची वाट पाहत तो बिचारा जांभया आवरीत बसतो. पाहुण्यासाठी जागा बांधणे आणि पाहुण्यासाठी जागा तयार ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला सिमेंट लागते. दुसरीसाठी घराच्या रोजच्या व्यवहारातून काही तरी बाजूला काढून ठेवावे लागते: थोडे पाणी, दोन अंथरुणे, एक मोकळा कोपरा आणि कोणाच्या तरी श्रमाचा एखादा तास. ही दुसरी गोष्ट बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या कशी साधली गेली, तिचा भार कोणी वाहिला आणि आज तिची गरज नेमकी कोणाला आहे, हा विचार केवळ गृहसजावटीच्या सदरांवर सोपवून चालणार नाही.

जुन्या माळवदाच्या घरात पाहुण्याची म्हणून वेगळी खोली क्वचितच असे. होती ती ढेळज. मुख्य दरवाजातून आत शिरताच दोन्ही बाजूंना उंच ओटे, वर जाड मातीचे छत, भिंतीत दिव्यासाठी देवळी आणि कपडे अडकविण्यास लाकडी खुंट्या. घराच्या आत, तरीही घराच्या खाजगी भागाच्या बाहेर, अशी ही जागा होती. येथे बसलेल्या माणसाला माजघर दिसत नसे आणि माजघरातील बायकांना त्याच्यासमोर वावरण्याचा संकोच होत नसे. अपरात्री येणाऱ्याला सारे घर जागे करावे लागत नसे व पहाटे निघणाऱ्याला निरोपासाठी खोळंबून राहावे लागत नसे. आधुनिक वास्तुशास्त्रज्ञ ज्याला अतिथीचे स्वातंत्र्य म्हणतील ते त्या दोन ओट्यांनी कसलाही गाजावाजा न करता दिले होते.

सामग्रीही मोजकीच असे. सुंभाने विणलेली एक बाज, खाली सतरंजी, वर वाकळ. जुन्या लुगड्यांच्या घड्यांवर दाट टाके घालून शिवलेल्या वाकळा घरात माणसे असतील त्यापेक्षा दोन-तीन अधिक ठेवणे ही संसाराची रीत मानली जाई. त्या उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला मध्ये ठेवून, घडी करून उतरंडीजवळ रचलेल्या असत. पांघरुणाशी अंबाजोगाईचे नाते तर जगावेगळे आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व सतराव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या दासोपंतांनी आपले ‘पंचीकरण’ सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहून ठेवले. ते जाड सुती वस्त्र हा या गावाचा मोठा ठेवा आहे. सामान्य घरी थंडीत पाहुण्याच्या अंगावर पडे ती पासोडीही त्याच जातीची, फक्त तिच्यावर काही लिहिलेले नसे. पाहुणा दारात आला की पाय धुण्यास पाणी, मग गूळ आणि तांब्याभर पिण्याचे पाणी. रात्री निजण्यापूर्वी उशाशी भरलेला तांब्या आणि वात बारीक केलेला कंदील. उन्हाळ्यात बाज माळवदावर चढे आणि मग गप्पांना वेळेचे बंधन राहत नसे.

हे सारे औदार्य म्हणून वर्णिले जाते आणि ते खोटे नाही. परंतु औदार्याच्याही मागे एक हिशेब असतो. जिल्ह्याचा भूगोल पाहिला की तो उमगतो. बालाघाटच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे वरची बाजू आणि खालची बाजू असे दोन भाग केले आहेत. निजामाच्या राजवटीत १९३० च्या सुमारास विकाराबादकडून परळीपर्यंत रेल्वे आली. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरात मात्र प्रवासी गाडी पोहोचावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. अधिकाऱ्यांसाठी मुसाफिर बंगले होते. साध्या माणसासाठी देऊळ, मठ, दर्गा, चावडी, नाही तर ओळखीच्या घरची ढेळज. बैलबाजाराला निघालेला शेतकरी, कोर्टाची तारीख असलेला कूळ, सासरी गेलेल्या बहिणीला पंचमीसाठी आणावयास निघालेला मुराळी, सोयरीक पाहावयास निघालेली मंडळी, ही सारी माणसे एका दिवसात जाऊन येऊ शकत नसत. वाटेवरच्या रात्रीची हमी असल्याखेरीज कोणी घराबाहेर पडत नाही, आणि माणसे बाहेर पडली नाहीत तर बाजार भरत नाही, सोयरीक जुळत नाही, फिर्याद उभी राहत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर रस्ता ही जशी पायाभूत सोय, तशीच ढेळजही होती. फरक इतकाच की तिचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात पडत नसे. आज माझ्या घरी तू, उद्या तुझ्या गावी मी, असा तो न लिहिलेला विमा होता. आणि दर दोन-तीन वर्षांनी पावसाने दगा देणाऱ्या प्रदेशात अशा विम्याची किंमत कमी लेखता येत नाही.

क्षेत्राच्या गावी या सोयीला निराळे रूप येई. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. आख्यायिका अशी की, परळीच्या वैजनाथाशी विवाह करावयास निघालेल्या या वधूचा मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी शिळा होऊन राहिले आणि देवीही येथेच थांबली. एका मुक्कामासाठी येऊन कायमची राहिलेली ही पाहुणी. तिच्या दर्शनासाठी इतक्या दुरून येणाऱ्या कुटुंबांची उतरण्याची सोय उपाध्यायांच्या घरी होत असे. गंमत अशी की, मराठीत घरधन्याला यजमान म्हणतात आणि उपाध्यायाच्या घरी उतरलेल्या पाहुण्यालाही यजमानच म्हणतात. आषाढीपूर्वी शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईमार्गे जाते, मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून आणि पैठणची नाथांची पालखी पाटोदा भागातून जाते. त्या त्या मुक्कामाच्या रात्री शाळा, देवळे आणि ओट्यासकट घरे माणसांनी भरून जातात. वारकऱ्याची वळकटी त्याच्या पाठीवरच असते. त्याला हवी असते कोरडी जमीन, पाणी आणि मान टेकावयास भिंत. पाहुण्याची खरी गरज किती थोडी असते याचा हा दरवर्षीचा वस्तुपाठ आहे.

तथापि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली म्हणजे ढेळजेच्या पायरीवर जात विचारली जाई. दलित प्रवाशाला गावकुसाबाहेरच्या वस्तीतच रात्र काढावी लागे, मग त्याचा हुद्दा व विद्या काहीही असो. १९१७ साली परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहावयास जागा मिळेना आणि जी पारशी विश्रांतिगृहात मिळाली तीही जात कळताच सोडावी लागली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. न लिहिलेल्या विम्याचे सभासदत्व जन्मावर ठरत होते. आदरातिथ्याची थोरवी सांगणाऱ्यांनी आपल्या गावच्या ढेळजेत कोण कधीच बसले नाही याचीही यादी करावी.

दुसरी गोष्ट श्रमाची. पाहुणचाराचे नाव घरधन्याचे होते. आडावरून दोन खेपा अधिक आणणारी, रात्री दहाला पुन्हा चूल पेटवून पिठले-भाकरी करणारी आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून पाणी तापविणारी सून त्या नावात कोठेच नव्हती. जेथे पाणी डोक्यावरून येते तेथे प्रत्येक मुक्कामी माणूस म्हणजे तिच्या मानेवरची एक घागर. १९७२ च्या दुष्काळात घरोघरच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या आणि रेशनवर परदेशी मिलो मिळत होता, त्या दिवसांत आलेल्या पाहुण्याला भाकरी वाढताना घरातल्या कोणाच्या ताटातून ती कमी झाली हे सांगावयास नको. स्त्री-पाहुणीचीही सोय या व्यवस्थेने फारशी पाहिली नव्हती. ढेळज पुरुषांची, बाईमाणूस माजघरात घरच्या बायकांच्या गर्दीत सामावून जाई आणि अंधारात परसाकडे जाण्यासाठी सोबत शोधी.

आता परिस्थिती पालटली आहे, आणि ती ज्या दिशेने पालटली ती नीट ध्यानात घेतली पाहिजे. मोटारसायकल आली, जीप आली, घाटांतील रस्ते सुधारले. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती मोबाइल फोनने निकालात काढली. सधन नातेवाईक आता सांगून येतो, दुपारचे जेवण घेतो आणि रात्री आपल्या गादीवर झोपावयास परत जातो. राहण्याचीच वेळ आली तर लॉजवर उतरतो. याच पाहुण्यासाठी नकाशातील ती खोली काढलेली असते, म्हणून ती रिकामी राहते. मुक्कामी राहतो तो दुसराच माणूस. वडिलांना रुग्णालयात दाखल करून रात्री दहाला जवळच्यांची नावे आठवणारा मुलगा, सकाळी आठच्या भरती परीक्षेसाठी आदल्या रात्री आलेली मुलगी आणि तिचा भाऊ, शेवटची एस. टी. चुकलेली म्हातारी. आजचा मुक्कामी पाहुणा बहुधा हौसेने आलेला नसतो, अडलेला असतो. हा बदल ज्या घराच्या लक्षात आला त्याची पाहुण्याची खोली वेगळी दिसेल.

अंबाजोगाईचे उदाहरण घ्यावे. ग्रामीण भागासाठी म्हणून १९७४ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि पुढे त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. त्याच्या रुग्णालयाने आसपासच्या तालुक्यांतील रोग्यांची वाट कित्येक कोसांनी कमी केली. पण खाट मिळते ती रोग्याला. त्याच्यासोबतच्या दोघांना नाही. कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाप्रमाणे येथेही रात्रीचा प्रश्न शहरातल्या सोयऱ्यांच्या घरांवर येऊन पडतो. अंबाजोगाईत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाचे अथवा कंडक्टरचे घर असे पाहुणे महिन्यातून किती रात्री सांभाळते याची नोंद कोणत्याही पाहणीत सापडावयाची नाही. आरोग्यसेवेच्या खर्चाचा तो एक न मोजलेला हिस्सा आहे आणि तो सरकार नव्हे, तर ती दोन खोल्यांची घरे भरीत आहेत.

घरे किती मोठी आहेत हेही पाहावे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यात एक खोली, स्वयंपाकाचा भाग आणि दरवाजा थेट रस्त्यावर. माळवद पाडून स्लॅब टाकताना सर्वांत आधी गेली ती ढेळज, कारण ‘फुकट जाणारी जागा’ म्हणून तिच्याकडे पाहिले गेले. पाण्याचेही तसेच. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. चार पाहुण्यांचे त्या मापाने २२० लिटर होतात. उन्हाळ्यात कित्येक दिवसांच्या अंतराने नळ येणाऱ्या गावी हा हिशेब मनातल्या मनात केल्यावाचून गृहिणीला ‘राहा’ म्हणता येत नाही. तिच्या त्या क्षणभराच्या मौनाला कंजूषपणा म्हणणारे पाहुणे पाणी कधी शेंदलेले नसतात.

मग अडलेल्या पाहुण्यासाठी खोली तयार करावयाची म्हणजे काय करावयाचे? ज्यांच्या घरी वेगळी खोली आहे त्यांनी पहिल्याने ती रिकामी करावी. कोठ्या, कूलर व पेट्यांच्या राशीत झोपलेल्या माणसाला आपणही त्या अडगळीचाच एक भाग आहोत असे वाटू लागते. दाराला आतून कडी असावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण परक्या घरी झोपणाऱ्या मुलीला गादीच्या मऊपणापेक्षा त्या कडीचा आधार अधिक असतो. दिव्याचे बटण अंथरुणावरून हाताला यावे, आणि न्हाणीघर व संडासाची वाट रात्रीच दाखवून ठेवावी, म्हणजे वृद्धांना अंधारात भिंती चाचपडाव्या लागत नाहीत. भरलेला तांब्या व पेला, कपड्यांसाठी खुंटी अथवा दोरी, मोबाइल लावण्यास चालू स्थितीतील प्लग. गुडघे दुखणाऱ्यास जमिनीवरची गादी ही शिक्षा असते. त्याला बाज किंवा खाट द्यावी. प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या नव्या ब्लँकेटापेक्षा उन्हात तापविलेली जुनी वाकळ केव्हाही चांगली; परंतु आज प्रतिष्ठेपायी वाकळ लपविली जाते आणि गंमत म्हणजे शहरांत तीच गोधडी म्हणून चढ्या भावाने विकली जाते. नळ केव्हा येतो, पाणी किती आहे हे पाहुण्याला सरळ सांगावे. त्यात घराचा कमीपणा नाही; उलट दोन बादल्यांऐवजी एकीत भागवावयाची संधी त्याला मिळते. आणि रुग्णालयातून आलेल्या माणसाला रात्री आजाराची सारी हकिगत पुन्हा सांगावयास लावू नये. त्याला जेवू घालून दार ओढून घ्यावे, एवढे पुरे.

ज्यांच्याकडे एकच खोली आहे त्यांच्यासाठी मात्र हा उपदेश निरर्थक आहे, आणि जिल्ह्यात अशांची संख्या मोठी आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबांच्या घरी मागे म्हातारे आईबाप आणि शाळेत जाणारी नातवंडे राहतात. त्यांच्याकडे येणारा पाहुणा काय मागेल आणि ते काय देतील? येथे घराघरावर सोडलेला भार गावाने उचलणे प्राप्त आहे. संत गाडगे महाराजांनी १९५६ साली देह ठेवण्यापूर्वी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने मुंबईत दादरला चालणारी धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. परळीसारख्या ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्री भाविकांसाठी भक्तनिवास असावा याबद्दल कोणाचे दुमत होत नाही. मग रुग्णालयाच्या गावी रोग्याच्या सोबत्यांसाठी तसा निवास ही तितकीच धर्माची गोष्ट का मानली जाऊ नये? देणगीदारांना कळस दिसतो, पलंग दिसत नाही, हे याचे एक कारण असावे.

खेड्यांतही हीच उणीव आहे. मुक्कामी एस. टी.चे उदाहरण बोलके आहे. रात्री गावी येऊन पहाटे परत निघणारी ही गाडी शाळा-महाविद्यालयांच्या मुलांची आणि तालुक्याला जाणाऱ्या रोग्यांची केवढी सोय करते. पण तिचे चालक-वाहक रात्र काढतात ती गाडीतील बाकांवर अथवा देवळाच्या मंडपात, डास मारीत. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपानंतर मुक्कामी गाडी पुन्हा सुरू करा म्हणून गावोगावची मंडळी आगारांत अर्ज घेऊन गेली. त्या अर्जांत ‘मुक्कामाला खोली आम्ही देतो’ असे एक वाक्य घालता आले असते तर गावाची बाजू बळकट झाली असती. महिला वाहकाला अशा फेरीवर पाठवावयाचे म्हटले तर कडी असलेली खोली ही पहिली अट ठरते.

ग्रामपंचायतीच्या इमारतीत अथवा बंद पडलेल्या शाळेच्या एका वर्गात अशी खोली काढणे मोठ्या खर्चाचे काम नाही. दोन खाटा, चार अंथरुणे, पाण्याची टाकी, संडास आणि वीज. अडचण येईल ती किल्लीवर. सरपंचाकडे किल्ली राहिली तर खोली त्याच्या पाहुण्यांची होईल. शिपायाकडे राहिली तर रात्री तो सापडणार नाही. ती गावातल्या महिला बचत गटाकडे द्यावी, दर मुक्कामामागे झाडलोट, पाणी आणि वाकळांच्या धुण्याचे ठरलेले पैसे ग्रामनिधीतून त्यांना मिळावेत, आणि जात वा गाव न विचारता आलेल्या क्रमाने जागा द्यावी असा ठराव ग्रामसभेने करून तो दारावर लावावा. दर किती असावा यावर वाद होईल. तो व्हावा, या कामाचे मोल किती, हा प्रश्न त्या गावांत त्या निमित्ताने पहिल्यांदाच चारचौघांत विचारला जाईल.